पहाटेचा आकडा आणि रात्रीचा पुरावा

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या मधुमेह विभागात सकाळच्या वेळी जे दृश्य दिसते ते एखाद्या फौजदारी न्यायालयाची आठवण करून देणारे असते. उपाशीपोटी रक्त देऊन आलेला रुग्ण अहवालाचा कागद हाती धरून बाकावर बसलेला असतो. त्याची पाळी येते, डॉक्टर कागदावर नजर टाकतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात : 'काल रात्री काय खाल्ले?' रुग्ण सांगतो, एक भाकरी आणि दुधीची भाजी. बरोबर आलेली पत्नी त्याच्याकडे साशंक मुद्रेने पाहते. डॉक्टर मान हलवतात, रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा दोन-चार युनिटांनी वाढवतात आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले जाते. सारा व्यवहार दोन-तीन मिनिटांत उरकतो. तेवढ्या अवधीत एका माणसावर खोटेपणाचा ठपका बसलेला असतो आणि त्याच्या औषधाची मात्राही वाढलेली असते. पुष्कळदा या दोन्ही निर्णयांना पुरेसा पुरावा नसतो.

सकाळची रक्तशर्करा वाढलेली दिसली की तिचे खापर रात्रीच्या ताटावर फोडायचे, ही रीत दवाखान्यापुरती मर्यादित नाही. घराघरांतही तिचाच अंमल चालतो. सून सासऱ्यांच्या उशाखाली बिस्किटांचा पुडा शोधते. आई चौदा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात चॉकलेटचे कागद चाचपते. काही सापडले तर प्रश्न मिटतो. न सापडले तर संशय अधिकच बळावतो. वस्तुतः रात्री झोपताना १३० असलेली साखर, पोटात अन्नाचा कणही न जाता, सकाळी २०० च्या वर गेलेली असू शकते. वैद्यकाला ही गोष्ट काही दशकांपासून ठाऊक आहे. ती रुग्णापर्यंत, त्याच्या घरापर्यंत आणि अनेकदा त्याच्या डॉक्टरांच्या रोजच्या कामापर्यंत पोचलेली नाही, ही खरी अडचण आहे.

यकृताचे कोठार

माणूस झोपला तरी त्याच्या मेंदूला साखर लागतेच. ती पुरविण्याचे काम रात्रभर यकृत करीत असते. दिवसा साठवलेली साखर ते थोडी थोडी रक्तात सोडते आणि साठा उणावू लागला की इतर द्रव्यांपासून नवी साखर तयार करते. पहाटे तीन-चारच्या सुमारास शरीर जागे होण्याच्या तयारीस लागते. रात्रीच्या पूर्वार्धात स्रवलेल्या वृद्धिसंप्रेरकाचा परिणाम आणि पहाटे चढत जाणारे कॉर्टिसॉल यांमुळे यकृतातून साखरेचा पुरवठा वाढतो व इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्याच वेळी थोडे अधिक इन्सुलिन सोडून हा हिशेब जुळवून घेते, म्हणून त्याला या घडामोडीची जाणीवही होत नाही. मधुमेही रुग्णाकडे मात्र ही सोय नसते. त्याच्याजवळ असते ते आदल्या रात्री टोचलेले आणि पहाटेपर्यंत ओसरत आलेले इन्सुलिन. या पहाटेच्या चढणीला १९८१ साली संशोधकांनी 'डॉन फिनॉमेनन' असे नाव दिले.

वाढीच्या वयात वृद्धिसंप्रेरकाचा जोर अधिक असल्यामुळे ही चढण विशेष तीव्र असते. ज्या मुलीच्या दप्तराची झडती घेतली जाते, तिच्या बाबतीत दोष चॉकलेटचा नसून वयाचा असण्याचा संभव मोठा आहे. तिच्यावर रोज सकाळी अविश्वास दाखविला गेला तर ती एक दिवस आकडा लपवायला शिकेल, आणि ज्या रोगात खऱ्या आकड्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही, त्या रोगात याहून मोठी हानी नाही.

रात्र पुरविण्याचा प्रश्न

इन्सुलिनचा इतिहास पाहिला तर तो बऱ्याच अंशी रात्र पुरविण्याचा इतिहास आहे, असे दिसून येईल. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. मृत्यूच्या दारातून रुग्ण परत येऊ लागले. परंतु त्या इन्सुलिनचा प्रभाव काही तासांतच संपत असे आणि रात्रीचा प्रश्न तसाच उरे. १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी प्रोटामीन या प्रथिनाच्या जोडीने इन्सुलिनचा प्रभाव लांबविला. त्यांच्याच प्रयोगशाळेतून १९४६ साली एनपीएच हे दुधासारखे गढूळ दिसणारे इन्सुलिन आले. ते आजही कुपीत एकटे किंवा मिश्र इन्सुलिनचा भाग म्हणून असंख्य रुग्णांच्या घरी आहे. २००० साली मान्यता मिळालेल्या ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनांनी सुमारे चोवीस तासांची सपाट साथ देण्याचा प्रयत्न केला.

हा तपशील सांगण्याचे कारण असे की, एनपीएचचा प्रभाव सर्वत्र सारखा नसतो. टोचल्यापासून साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि पुढे तो उतरत जातो. खेड्यात सायंकाळी सातला सुई घेऊन साडेसातला जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात हे इन्सुलिन रात्री अकरा ते दोनच्या सुमारास ऐन भरात असते, म्हणजे नेमके ज्या वेळी शरीराला त्याची गरज सर्वांत कमी असते त्या वेळी. पहाटे चढण लागते तेव्हा ते थकलेले असते. अशा रुग्णाची केवळ मात्रा वाढविली तर पहाटेला त्याचा लाभ थोडा होतो आणि मध्यरात्रीचा धोका मात्र पुरेपूर वाढतो. येथे प्रश्न किती युनिटे हा नसून केव्हा व कोणते हा असतो. एनपीएच रात्रीच्या जेवणाऐवजी झोपताना घेतल्यास त्याचा जोर पहाटेकडे सरकतो. काहींच्या बाबतीत दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन उपयोगी पडते. ज्यांना पंप परवडतो त्यांच्यासाठी पहाटेपुरता पुरवठा वाढविण्याची सोय त्या यंत्रात असते. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्याला मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करता येत नाही. त्यात जेवणासाठीचे जलद इन्सुलिनही असल्यामुळे ते झोपताना, न जेवता घेणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. हा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा असतो. परंतु तो करण्यासाठी त्यांच्यापुढे रात्रीची हकीकत असावी लागते.

आंधळी वाढ

रात्रीची हकीकत न पाहता केलेल्या मात्रावाढीचे मोल किती असू शकते, याचा पुरावा जुना आहे. अमेरिका व कॅनडात झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने हे निर्विवादपणे दाखवून दिले की, साखर काटेकोर ताब्यात ठेवल्यास पहिल्या प्रकारच्या मधुमेहात डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांचे रक्षण होते. त्याच अभ्यासाने हेही दाखवले की, या काटेकोरपणाबरोबर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढतात, आणि असे निम्म्याहून अधिक प्रसंग झोपेत घडतात. पहिला निष्कर्ष सर्वांच्या तोंडी आहे. दुसरा तेवढ्या आवर्जून सांगितला जात नाही.

महाराष्ट्रात या धोक्याला स्थानिक रूपेही आहेत. ज्या भागात शेतीपंपाला अजून रात्रीच्या पाळीची वीज मिळते, तेथे सायंकाळी इन्सुलिन घेतलेला शेतकरी रात्री एक वाजता बारे द्यायला शेतावर जातो. चिखलात दोन-तीन तास काम केल्याने साखर आणखी उतरते. हात थरथरले, दरदरून घाम आला, तरी अंधारात ते ओळखणार कोण? शहरात मुले परदेशी गेलेले वृद्ध दांपत्य असते. पती रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असेल तर छातीतील धडधड व थरथर ही साखर उतरल्याची सूचना त्याला नीट मिळतच नाही. एकादशीला किंवा नवरात्रात रात्रीचे जेवण टाळणारी, पण सुई न चुकविणारी गृहिणी असते. या तिघांपैकी कोणाचीही सकाळची साखर वाढलेली आढळली, तर तिघांनाही तोच प्रश्न विचारला जातो आणि तेच औषध वाढवून मिळते.

या संदर्भात सोमोगी यांच्या सिद्धांताचा उल्लेख करणे प्राप्त आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले हे जीवरसायनशास्त्रज्ञ. रात्री इन्सुलिन जास्त झाल्याने साखर फार उतरते, शरीर प्रतिकार म्हणून ती उसळी घेऊन वर नेते आणि म्हणून सकाळचा आकडा मोठा दिसतो, असे प्रतिपादन त्यांनी केले. १९५९ साली त्यांनी ते विस्ताराने मांडले. पिढ्यान् पिढ्या वैद्यकाचे विद्यार्थी हे शिकत आले. त्वचेखालच्या सेन्सरने रात्रभर साखर मोजता येऊ लागल्यावर मात्र चित्र पालटले. रात्री साखर उतरलेल्या रुग्णांची सकाळची साखर बहुधा कमीच असते, वाढलेली नसते, असे आढळून आले. याचा अर्थ रात्रीचा धोका खोटा होता असा नाही. उलट त्याचा अर्थ अधिक गंभीर आहे : रात्रीचे संकट सकाळच्या मोठ्या आकड्याने आपली वर्दी देईलच, असा भरवसा धरता येत नाही. ज्या 'उत्तम' सकाळच्या आकड्यावर रुग्णाची पाठ थोपटली जाते, त्याच्यामागेही रात्री दोनची घसरण दडलेली असू शकते.

सकाळच्या उसळीचे एक साधे कारण घराघरांत घडते, पण नोंदले जात नाही. मध्यरात्री घाम फुटून जाग आलेला माणूस घाबरून मूठभर साखर, त्यावर चार बिस्किटे आणि वर पेलाभर गोड दूध घेतो. अशा वेळी साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे साखर पाण्यात घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा अजून ७० च्या खाली असेल तरच पुन्हा तेवढीच घ्यावी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सकाळी तो आकडा पाहून खजील होतो आणि रात्रीची गोष्ट डॉक्टरांना सांगत नाही. परिणामी ज्या मात्रेने साखर उतरली तीच मात्रा आणखी वाढविली जाते.

तीन आकड्यांची साक्ष

यावरचा उपाय महागडा नाही. सलग दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनच्या सुमारास आणि उठल्यावर अशा तीन वेळा साखर मोजावी, आणि त्याच कागदावर जेवणाची व सुईची वेळ लिहावी. एवढ्याने पुष्कळ उलगडा होतो. झोपतानाच आकडा २५० असेल आणि सकाळी २३०, तर रात्रीच्या इन्सुलिनने आपले काम केले आहे. दोष रात्रीच्या जेवणात, त्यासाठीच्या मात्रेत किंवा झोपण्यापूर्वीच्या खाण्यात शोधावा लागेल. झोपताना आणि तीन वाजता आकडा ठीक असून सकाळीच तो चढलेला असेल, तर ती पहाटेची चढण आहे. वेळ किंवा इन्सुलिनचा प्रकार बदलण्याचा विचार करावा लागेल. झोपल्यापासून साखर रात्रभर एकसारखी चढत गेली असेल, तर मात्रा खरोखरच अपुरी आहे आणि ती वाढविणे योग्य ठरेल. तीन वाजता आकडा ७० च्या खाली असेल, तर सकाळचा आकडा काहीही असो, वाढ थांबवून तातडीने डॉक्टरांशी बोलले पाहिजे. सकाळचा एकच आकडा हाती घेऊन या चार अवस्थांतील भेद जगातील कोणत्याही तज्ज्ञाला सांगता येणार नाही.

मात्रेला हात लावण्यापूर्वी काही साध्या गोष्टीही पाहावयाच्या असतात. वर्षानुवर्षे पोटावर एकाच जागी सुई टोचल्याने तेथे चरबीची गाठ होते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी अधिक शोषले जाते. डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने बोटांनी चाचपून पाहिले तर ती अर्ध्या मिनिटात कळते. भारतात एका मिलिलिटरला ४० युनिटे असलेल्या कुप्या आणि १०० युनिटांची इन्सुलिने अशी दोन्ही प्रचलित आहेत, व त्यांच्या सिरिंजाही निराळ्या आहेत. ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर कागदावर वीस युनिटे घेणारा माणूस प्रत्यक्षात आठच घेत असतो. गल्लत उलटी झाली तर वीसच्या जागी पन्नास. गढूळ इन्सुलिन तळहातांत हळुवार घोळवून एकजीव न करणे, उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात कुपी तापणे, ही कारणेही तितकीच खरी आहेत. यांपैकी एकाचेही उत्तर 'अजून चार युनिटे' हे नव्हे.

आक्षेप आणि उत्तर

यावर डॉक्टरांचा आक्षेप असा असू शकेल की, रुग्ण पथ्य मोडतात हेही खरे आहे, आणि ते कबूल करीत नाहीत हेही. हा आक्षेप निराधार नाही. लग्नसराईत रात्री अकराला पंगत उठते, तेलकट व जड जेवणाचा परिणाम पहाटेपर्यंत टिकतो, आणि तरीही सकाळी 'काही विशेष नाही' असे सांगितले जाते. परंतु खरे-खोटे ठरविण्याचे साधनही तेच तीन आकडे आहेत. जो रुग्ण रात्री जेवणात चुकतो त्याची चूक झोपतानाच्या आकड्यात दिसते. जो चुकत नाही त्याची सुटका पहाटे तीनच्या आकड्याने होते. उलटतपासणीपेक्षा मोजमाप अधिक न्यायी असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. सरकारी रुग्णालयात एका सकाळी जेवढे रुग्ण तपासावे लागतात, त्यात रात्रीचे वेळापत्रक विचारीत बसायला सवड कोठून आणावी? या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे मागणे अन्यायाचे होईल. सुईची जागा तपासणे, सिरिंज पाहणे, आकड्यांचा तक्ता भरून घेणे ही कामे प्रशिक्षित परिचारिका करू शकते. ती नेमणे हे शासनाचे काम आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. रक्त तपासण्याच्या पट्ट्या पुष्कळांना परवडत नाहीत आणि सेन्सर तर त्याहून महाग. हे खरे, परंतु येथे हिशेब सरळ आहे. तीन रात्री, प्रत्येकी तीन चाचण्या, म्हणजे नऊ पट्ट्या. त्या रोज लागत नाहीत. मात्रा बदलताना किंवा आकडा बिघडला असता लागतात. साखर उतरून बेशुद्ध झालेल्या एका रुग्णाला तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या रुग्णालयात हलविण्याचा, तेथे ठेवण्याचा आणि घरच्यांच्या बुडालेल्या मजुरीचा खर्च यांच्याशी या नऊ पट्ट्यांची तुलना करून पाहावी.

शासनाने काय करावे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतील सर्वांना इन्सुलिन लागत नाही; पण ज्यांना लागते त्यांची संख्याही लहान नाही. असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचा भर मुख्यतः रोगी हुडकण्यावर राहिला. २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ग्लार्जिनचा समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि इन्सुलिन द्यावयाचे आणि ते मोजून वापरण्याचे साधन द्यावयाचे नाही, हे धोरण अर्धवट आहे. मोफत इन्सुलिन मिळणाऱ्या रुग्णालाही पट्ट्या बहुधा स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागतात. ज्याला इन्सुलिन परवडत नाही म्हणून ते मोफत द्यावे लागते, त्याला पट्ट्या परवडतील हे गृहीत कशाच्या आधारावर धरले जाते?

म्हणून सार्वजनिक रुग्णालयातून इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मात्रा बदलताना लागणाऱ्या पट्ट्या इन्सुलिनबरोबरच मिळाल्या पाहिजेत. ग्लुकोमीटर नसेल तर तो उसना देण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी. रुग्णाच्या वहीत उपाशीपोटीच्या आकड्याशेजारी झोपतानाच्या व पहाटे तीनच्या आकड्यासाठी रकाने छापावेत. रिकामा रकाना डोळ्यांपुढे असला म्हणजे प्रश्न आपोआप विचारला जातो. वृद्ध व एकट्या राहणाऱ्या रुग्णांसाठी सकाळचे उद्दिष्ट थोडे सैल ठेवणे हा हलगर्जीपणा नसून शहाणपण आहे, हेही डॉक्टरांनी त्यांच्या मुलांना समजावून सांगितले पाहिजे. घरच्यांनी पाळत ठेवण्यापेक्षा पहाटे तीनला एकदा उठून सोबत करावी; तेवढ्याने रुग्णाला जो धीर येतो तो दहा उपदेशांनी येत नाही.

मधुमेह हा रोजचा रोग आहे आणि तो रुग्णाने स्वतःच सांभाळायचा असतो. त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे, घरच्यांना आहे आणि मोफत औषध देणाऱ्या शासनालाही आहे. परंतु यकृताने रात्री केलेल्या कामाचा जाब माणसाला सकाळी विचारणे ही शिस्त नव्हे. बाकावर कागद धरून बसलेल्या त्या रुग्णाला काय खाल्ले, हे अवश्य विचारावे. त्याबरोबरच झोपताना किती होती, तीन वाजता किती होती आणि सुई कोठे व केव्हा टोचली, हेही विचारावे. ही उत्तरे मिळाल्यावर मात्रा वाढवावी की कमी करावी, हे ठरविता येईल. ती मिळण्यापूर्वी केलेली वाढ हा निव्वळ तर्क आहे, आणि त्या तर्काची किंमत झोपेतल्या माणसाला मोजावी लागते.